जुन्या अल्टोच्या चाकांतून येणारे आवाज : पॅड बदलूनही किरकिर थांबत नाही

पांदणवाट

नमस्कार मंडळी. माझे गाव दारव्हा तालुक्यात आहे आणि मी शिकवतो ती शाळा गावापासून १७ किलोमीटरवर आहे. त्यांपैकी १३ किलोमीटर डांबरी रस्ता आहे, उरलेले ४ किलोमीटर उन्हाळ्यात खडी आणि धूळ, पावसाळ्यात काळा चिखल. गाडी २००९ सालची अल्टो असून आजवर १,३२,००० किलोमीटर चालली आहे.

यंदाच्या पावसाळ्यानंतर चाकांतून आवाज येऊ लागले आहेत. वेग ४० च्या पुढे गेला की गाडीत घुमल्यासारखा ‘घूंऽऽ’ असा आवाज भरतो आणि वेगाबरोबर वाढत जातो. शिवाय गाव आल्यावर गाडी हळू केली की ‘किर्रर्र’ असा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज येतो. तो कधी ब्रेक दाबल्यावर येतो, कधी न दाबताही येतो. त्यातच गेल्या आठवड्यापासून ६० ते ७० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरते.

तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये दाखवले असता त्यांनी पुढचे ब्रेक पॅड बदलून दिले. एक आठवडा किरकिर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. आता डिस्क (पॅड जिला धरतात ती चाकाबरोबर फिरणारी तबकडी), चारही चाकांची बेअरिंगे आणि शॉकअप असे सगळेच बदलावे लागेल, असे ते म्हणतात. खर्च करण्याची माझी तयारी आहे. परंतु नेमके काय बिघडले आहे हे कळल्याशिवाय एकेक भाग बदलत राहणे मनाला पटत नाही. दर पंधरा दिवसांनी आईला तपासणीसाठी यवतमाळला न्यावे लागते, त्यामुळे ही गाडी तोवर चालवणे सुरक्षित आहे का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

जुना निदेशक

गुरुजी, मी वर्धा जिल्ह्यातला असून आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा व्यवसाय अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा देतो. ब्रेकचे पायडल नेहमीच्या उंचीवर आणि घट्ट लागत असेल, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत नसेल आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर पायाला जाणवत नसेल, तर गावातल्या गावात हळू चालवून तपासणी करण्यास हरकत नाही. यांपैकी एकही लक्षण असेल, तर आईंना त्या गाडीत बसवू नका; तोवर एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने जा.

आपण एका परिच्छेदात तीन तक्रारी लिहिल्या आहेत आणि त्या तिन्हींचे मूळ एकच असेल, असे गॅरेजवाल्यांप्रमाणे आपणही धरून चालला आहात. तसे असेलच असे नाही. घुमणारा आवाज, किरकिर आणि थरथर यांची तीन वेगळी पाने करा आणि प्रत्येक पानावर आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो एवढेच लिहा. कोणता भाग गेला असेल, हे आत्ताच लिहू नका. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगत असे, कारण भागाचे नाव एकदा मनात बसले की कान तोच आवाज ऐकू लागतात.

घुमणाऱ्या आवाजासाठी मोकळा, सरळ डांबरी रस्ता निवडा. ५० चा वेग आल्यावर क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि गाडी आपल्या वेगाने जाऊ द्या. आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनाचा किंवा क्लचचा नाही, चाकांच्या बाजूचा आहे. हे करताना इंजिन मात्र कदापि बंद करू नका. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एकदोन दाबांत संपते आणि चावी आणखी मागे, लॉकच्या खुणेपर्यंत फिरली तर स्टेअरिंग लॉक होण्याचाही धोका असतो.

त्यानंतर लांब वळणावर लक्ष द्या. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचे वजन उजव्या चाकांवर जाते. डाव्या वळणावर आवाज वाढला आणि उजव्या वळणावर दबला, तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर घ्यावा. ही खूण आहे, पुरावा नव्हे. काही बेअरिंगे याच्या उलटही वागतात.

वणीकर

निदेशक सरांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यांची चाळण केलेली असते, त्यामुळे घुमणाऱ्या आवाजाने मीही एकदा फसलो होतो. बेअरिंग बदलले, पैसे गेले आणि आवाज जसाच्या तसा राहिला. तो टायरचा आवाज होता. टायरवरून तळहात पुढे आणि मग मागे फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागत असेल, किंवा मध्येच उंचसखल लागत असेल, तर तो टायर घुमतोच.

ओळखायची साधी रीत अशी की रस्त्याचा पोत बदलला की टायरचा आवाज बदलतो. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत सिमेंट रस्त्यावर गाडी गेली आणि आवाज एकदम उतरला, तर टायर धरा. बेअरिंगला रस्ता कोणता आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. तरीही शंका राहिली, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून बघा. आवाजाने जागा बदलली तर गुन्हेगार सापडला.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, तोही वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३१४ असेल, तर तो टायर २०१४ च्या २३ व्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी आपल्याकडच्या उन्हात इतक्या वर्षांत रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात.

पांदणवाट

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे आज रविवारी सकाळी दारव्हा–यवतमाळ रस्त्यावर जाऊन आलो. सोबत भाचा वहीत लिहायला होता. नोंदी अशा आहेत.

घुमणारा आवाज ४० च्या आसपास सुरू होतो. न्यूट्रलमध्ये घेतल्यावर तो बदलला नाही. रस्ता बदलल्यावरही फारसा बदलला नाही. लांब डाव्या वळणावर तो स्पष्टपणे वाढला. मागच्या सीटवर बसलेल्या भाच्याला तो पुढे बसल्यापेक्षा जास्त ऐकू येतो.

किरकिर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकना येते, मग थांबते आणि ८-१० किलोमीटरनंतर परत येते. परत आल्यावर ब्रेक न दाबताही ती चालू असते आणि ब्रेक दाबला की थोडी दबते. थरथर मात्र फक्त ६० ते ७० मध्ये आहे आणि ब्रेकशी तिचा संबंध दिसत नाही. पायडल घट्ट आहे. ब्रेक लावल्यावर गाडी किंचित डावीकडे जाते असे वाटले. पण रस्त्याच्या उतारामुळे तसे वाटले असेल, असेही होऊ शकते.

जुना निदेशक

गुरुजी, आपल्या भाच्याचे विशेष कौतुक. मागच्या सीटवर आवाज जास्त येतो, ही नोंद गॅरेजमध्ये कोणी घेतली असती, तर पुढच्या बेअरिंगांचा विषयच निघाला नसता.

थरथरीचे कारण बहुधा एक पैसाही न खर्चता जाईल. चाके काढून रिमच्या आतली बाजू बघा. आपली काळी माती ओली असताना रिमच्या आत चिकटते आणि वाळली की विटेसारखी घट्ट बसते. एका बाजूला पाव-अर्धा किलो माती बसली की चाकाचा तोल जातो आणि ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरते. बॅलन्सिंगचे शिसे लावण्याआधी ती माती काढलीच पाहिजे. अन्यथा माती धरून केलेले बॅलन्सिंग ती गळून पडल्यावर बिघडते.

सकाळची पहिली किरकिर सोडून द्या. रात्रीच्या दवाने डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि पहिल्या एकदोन ब्रेकमध्ये तो घासला जातो. ८-१० किलोमीटरनंतर परत येणारी, न दाबता चालू राहणारी किरकिर मात्र खरी तक्रार आहे. पॅड डिस्कला सुटत नाही, घासत राहतो, तापतो आणि मग वाजतो, असे तिचे वर्णन होऊ शकते. अशा वेळी कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना किंवा पिस्टन अडकले असण्याची शक्यता मोठी असते.

आता चाक उचलून तपासायचे आहे, म्हणून काळजीचे सांगतो. वावरात किंवा मातीच्या अंगणात जॅक लावू नका, काळी माती वरून कडक दिसली तरी वजनाखाली दबते. सिमेंटच्या ओट्यासमोरची जागा उत्तम. नसल्यास जॅकखाली जाड फळी ठेवा. मागचे चाक उचलताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडा, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो आणि तो लावला तर चाक फिरणार नाही. पुढचे चाक उचलताना याच्या उलट करा : हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड द्या आणि गिअर न्यूट्रल ठेवा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नका. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवा, म्हणजे जॅक घसरलाच तरी गाडी चाकावर टेकेल.

चाक वर आल्यावर वरचे आणि खालचे टोक धरून आतबाहेर हलवा. टक्-टक् असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला, तर बेअरिंग सैल आहे. त्यानंतर एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलका ठेवून दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवा. चांगल्या बेअरिंगचे चाक फिरताना स्प्रिंगवर काही जाणवत नाही. खराब बेअरिंगची खरखर कानांना ऐकू येण्याआधी हाताला कळते, जात्यात खडा सापडल्यावर खुंट्याला कळते तशी.

संत्रापट्टा

मोर्शीहून लिहितो. आमच्याकडे एक चालक पॅड वाजू लागले की त्यांवर थोडे डिझेल किंवा जुने ऑइल सोडतात आणि आवाज लगेच थांबतो. तात्पुरते असे करणे कितपत योग्य आहे?

जुना निदेशक

भाऊ, हे कोणीही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आवाज थांबतो, कारण पॅडची पकड थांबते. पॅड आणि ब्रेक शूचे लायनर तेल शोषून घेतात. ते नंतर पुसून निघत नाही आणि एका चाकाला तेल लागले असेल, तर जोराच्या ब्रेकला गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. ग्रीस लावायचेच असेल, तर ते फक्त कॅलिपरच्या पिनांवर आणि पॅडच्या पाठीच्या पत्र्यावर लावावे आणि तेही उच्च तापमानाचे, ब्रेकसाठी बनवलेले असावे. डिस्कला लागणाऱ्या बाजूला बोटाचा चिकट ठसाही नको.

मेळघाटवासी

परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात माझे नेहमी येणेजाणे असते, त्यामुळे तापलेल्या ब्रेकविषयी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. अडकलेला कॅलिपर सपाट रस्त्यावर फक्त किरकिरतो, घाटात मात्र तो जीवावर बेततो. सतत घासणाऱ्या पॅडची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु ते हवेतला ओलावा ओढते आणि तसे ओलावलेले ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायडल सरळ खाली जाते. म्हणून ब्रेक ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे आणि घाट उतरताना पायडलवर पाय ठेवून न बसता दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवावी.

गुरुजी, १०-१२ किलोमीटर चालवून झाल्यावर ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. हात लावू नका, जवळ न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेले असेल, तर तेच अडकले आहे. पुढची दोन चाके मागच्यांपेक्षा थोडी गरम असणे स्वाभाविक आहे. तुलना डाव्याची उजव्याशी करावी.

पांदणवाट

दोन दिवस शाळा सुटल्यावर हेच काम केले. गावातल्या दोघांनी मदत केली आणि जॅक ग्रामपंचायतीसमोरच्या सिमेंटच्या जागेवर लावला.

पुढच्या डाव्या रिमच्या आत खरोखरच मातीची वीट निघाली. लाकडाच्या काठीने ठोकून आणि पाण्याने धुऊन ती काढली. परतीच्या वाटेवर ७० च्या वेगातही थरथर नव्हती.

डावे पुढचे चाक चालवून आणल्यावर एवढे तापलेले होते की हात एक वीत अंतरावरही ठेववत नव्हता. उजवे त्यामानाने थंड होते. चाक काढल्यावर पॅड बघितले, तर महिन्यापूर्वीच घातलेल्या पॅडमधला आतला अर्ध्याहून अधिक झिजला आहे आणि बाहेरचा जवळजवळ नवा आहे. आतल्या पॅडची बाजू आरशासारखी चकाकते.

मागचे उजवे चाक फिरवल्यावर स्प्रिंगवर खरखर स्पष्ट कळली. मागच्या डाव्या चाकावर तसे काही लागले नाही. पुढची दोन्ही चाके निर्वेध फिरली आणि प्ले कुठेच नव्हता. प्ले नसताना बेअरिंग खराब असू शकते का?

जुना निदेशक

होय, असू शकते. गोट्यांच्या वाटेवर खड्डे पडले किंवा सील फाटून आत पाणी गेले, की प्ले येण्याच्या कितीतरी आधी बेअरिंग घुमू लागते. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर तापलेला हब (बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग) एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि खचलेल्या सीलमधून गढूळ पाणी आत ओढले जाते. आवाज पावसाळ्यानंतर सुरू झाला, या आपल्या पहिल्याच वाक्याशी हे जुळते.

पॅडचेही आता कोडे उरले नाही. या गाडीचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचे अंग पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणते. पिना गंजून अडकल्या की अंग सरकत नाही, सगळे काम आतल्या पॅडवर पडते आणि ब्रेक सोडल्यावर तो नीट मागेही येत नाही. गॅरेजमध्ये नवे पॅड घातले गेले. पण पिना काढून साफ केल्या गेल्या नसाव्यात. घाईच्या दिवसांत हे काम सर्रास राहून जाते आणि ग्राहकाने विचारल्याशिवाय ते कोणी सांगतही नाही.

कारागिराकडे जाताना आवाज येतो असे मोघम न सांगता कामाची नेमकी यादी द्या. डाव्या कॅलिपरच्या दोन्ही पिना बाहेर काढून घासून पुसाव्यात, खड्डे पडले असतील तर बदलाव्यात, त्यांचे रबरी बूट फाटले असतील तर नवे घालावेत. पिस्टन हाताच्या अवजाराने सहज आत जातो का ते बघावे. जात नसेल, तर त्याचे सील बदलावे लागेल. डिस्कची जाडी मोजावी, किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. पॅड दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत, एका चाकाला नवे आणि दुसऱ्याला जुने असे करू नये. मागे फक्त उजव्या बाजूचे बेअरिंग आणि सील बदलावे. ड्रम (मागच्या ब्रेकचा डबा) उघडलाच आहे, तर त्याच्या आतले ब्रेक शू, चाकाच्या सिलिंडरची गळती आणि ड्रमच्या कडेला पडलेली धार बघून घ्यावी. शॉकअपला तेल गळत नसेल आणि गाडी खड्ड्यानंतर झुलत राहत नसेल, तर ते राहू द्या.

ड्रममधली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसांत कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. कारागिराच्या शेजारी उभी राहणारी लहान मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वाशीमची वाट

या धाग्यावरच विचारतो. माझ्या जुन्या इंडिकाला आवाज नाही. पण ८० च्या वेगातून ब्रेक लावला की पायडल पायाखाली धडधडते. हेही अडकलेल्या कॅलिपरमुळे होते का?

जुना निदेशक

तुमच्या गाडीला एबीएस (जोराच्या ब्रेकला चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल, तर अशी धडधड बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहिल्यामुळे येते. कॅलिपर अडकून डिस्क तापत राहिली असेल, तर तेही त्याचे एक कारण ठरते. डिस्क लेथवर साफ करून घेता येते; मात्र त्यानंतर उरणारी जाडी किमान मर्यादेच्या वर असली पाहिजे. धडधड पायडलबरोबर स्टेअरिंगमध्येही येत असेल, तर पुढच्या डिस्कपासून सुरुवात करा. सीटखाली जाणवत असेल, तर मागचे ड्रम बघा.

पांदणवाट

मंडळी, काम झाले. या वेळी दुसऱ्या कारागिराकडे गेलो आणि सरांनी दिलेली यादी कागदावर लिहून नेली. त्यांनी ती रागावून नव्हे, आवडीने वाचली आणि प्रत्येक भाग काढल्यावर मला बोलावून दाखवला.

डाव्या कॅलिपरची खालची पिन गंजाने इतकी बसली होती की ती तापवून आणि फिरवत फिरवत काढावी लागली. दोन्ही पिना आणि बूट नवे घातले. पिस्टन ठीक निघाला. डिस्क किमान जाडीच्या वर आहे, म्हणून ती बदलली नाही. पॅड मात्र दोन्ही बाजूंना नवे घातले. मागच्या उजव्या बेअरिंगचे सील एका बाजूने उलटले होते आणि आतले ग्रीस काळ्या मातीच्या पाण्याने दुधी-करडे झाले होते. चारही बेअरिंगे, दोन्ही डिस्क आणि शॉकअप बदलण्याचा मूळ अंदाज जेवढा होता, त्याच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात हे सर्व झाले. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते, तेही बदलून घेतले.

काल आईला यवतमाळला नेऊन आणले. जाताना ती म्हणाली, ‘आज गाडी बोलत नाही रे.’ घरी पोहोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. डावे आणि उजवे सारखेच कोमट होते.

वणीकर

फार बरे वाटले, गुरुजी. एक आठवण करून देतो. चाके काढून बसवली आहेत, म्हणून ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्याने तपासा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. सैल नटाचा आवाज हळू वेगात खट्-खट् असा येतो आणि नवशिक्याला तो सस्पेन्शनचा वाटतो.

पांदणवाट

नट आज तपासले. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा आवळला गेला, बाकीचे घट्ट होते.

परवा शाळेच्या खडीच्या रस्त्यावर अचानक डाव्या पुढच्या चाकातून मोठी खरखर सुरू झाली आणि काळजात धस्स झाले. गाडी बाजूला घेऊन आधी वहीत लिहिले : खडीवरून आल्याबरोबर सुरू, ब्रेकने बदलत नाही, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक येते, चाक तापलेले नाही. मग गाडी चार-पाच हात मागे घेतली, तेव्हा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये अडकलेला हरभऱ्याएवढा खडा खाली पडला आणि आवाज थांबला.